गायधनींची बंद खोलीतली शेती

गायधनी आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा सुषमाने, म्हणजे माझ्या बायकोने, चहाचं आधण ठेवलं होतं. ते उकळायच्या आत त्यांनी तिच्या तुळशीचा शेंडा खुडला.

ही तुळस साधीसुधी नव्हती. पुण्याहून येताना सुषमाने मंजिऱ्या कागदात बांधून साडीच्या घडीत घालून आणल्या होत्या. कुवेतच्या उन्हाळ्याने दोनदा रोपं जाळली. तिसऱ्या खेपेला एकच वाचलं, आणि फिंतासमधल्या आमच्या पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, तुपाच्या डब्यात ते कसंबसं वीतभर वाढलं होतं. सुषमा अंघोळ झाल्याशिवाय त्याला हात लावत नसे. आणि हा पन्नाशीकडे झुकलेला, रापलेला, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला परका माणूस चपला काढून सरळ बाल्कनीत गेला, वाकला, आणि अंगठ्याच्या नखाने त्याने तुळशीचं डोकं उडवलं.

"अहो!" सुषमा किंचाळलीच.

"शेंडा मारल्याबिगर झाड शहाणं होत नाय, ताई," गायधनी शांतपणे म्हणाले. "येकटंच वर पळत राहतं येड्यावानी. वीस दिवस थांबा."

खरं तर ते आले होते गणपतीच्या दूर्वा द्यायला. वाळवंटात दूर्वा कुठून मिळणार? पण आमच्या महाराष्ट्र मंडळात कोणीतरी शोध लावला होता की दक्षिणेकडे वफ्राला एका शेतावर नाशिककडचा एक माणूस काकडी-टोमॅटोची हरितगृहं सांभाळतो आणि एका कोपऱ्यात गुपचूप दूर्वा लावतो. त्या दिवशी गायधनी गेल्यावर "या माणसाला परत घरात घ्यायचं नाही," असं सुषमाने मला बजावलं. विसाव्या दिवशी तुळशीला आठ फांद्या फुटल्या होत्या. तिनेच फोन करून त्यांना जेवायला बोलावलं. पुढे आठ-नऊ वर्षं ते दर दुसऱ्या शुक्रवारी येत राहिले.

ते मूळचे निफाडचे. द्राक्षबागेत वाढलेले. द्राक्षवाले लोक दिवस मोजतात ते छाटणीपासून. आज अमुक तारीख असं ते म्हणणार नाहीत, छाटणीचा चाळिसावा दिवस म्हणतील. गायधनी आयुष्यच तसं मोजायचे. त्यांचं लग्न छाटणीच्या एकशे दहाव्या दिवशी झालं होतं आणि थोरला मुलगा झाला तो सदतिसाव्या दिवशी. कुवेतमध्ये उतरले त्या दिवसापासून त्यांनी नवी मोजणी धरली होती. "आज किती झाले?" असं मी वरण-भात कालवताना विचारायचो. ते क्षणभरही न थांबता "दोन हजार आठशे येकेचाळीस" म्हणून सांगायचे आणि ताक मागायचे.

शेंडा खुडण्याची त्यांना खोडच होती म्हणा ना. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं, आणि ते कायम हिरवट असे. दवाखान्यातल्या कुंड्या, मॉलमधली शोभेची झाडं, कुणाच्या दारातली जास्वंद, वाटेत येईल त्याचा शेंडा उडवायचे. एकदा एक अर्ज भरून घ्यायला ते माझ्या ऑफिसात आले. मी पेन शोधत होतो तेवढ्यात साहेबाच्या केबिनबाहेरच्या लाडक्या रोपाचं त्यांनी मुंडकं छाटलं. मी पेट्रोकेमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, नोकरीला घाबरून असणारा माणूस. आठवडाभर मला झोप लागली नाही. महिन्याभराने ते रोप भरगच्च झालं आणि साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच्या हातगुणाबद्दल सांगू लागला.

त्यांचा मालक म्हातारा कुवेती होता. सगळे त्याला बाबा म्हणत. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला येऊन-जाऊन असल्यामुळे तो मजेदार बंबइया हिंदी बोलायचा. खजुराचं आणि गायधनींचं त्याला फार कौतुक. गायधनींचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याने घरगडी म्हणून काढला होता, कारण तो लवकर मिळायचा. पण तसल्या इकाम्यावर दुसरीकडे नोकरी बदलता येत नाही, आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात. अर्थात आमचेही पासपोर्ट कंपनीच्याच कपाटात असत. आम्ही शिकलेले असल्यामुळे त्याला 'सेफ कस्टडी' म्हणायचो.

बाबा होता तोवर काही बिघडलं नाही. दर दोन वर्षांनी तो स्वतः पासपोर्ट आणि खजुराचं खोकं हातात देऊन गायधनींना रजेवर पाठवायचा. मग त्याचे गुडघे गेले. त्याने सगळा कारभार फहद नावाच्या धाकट्या मुलाच्या हाती सोपवला आणि आपण वफ्राच्या शेतघरात जाऊन राहिला. कपाटाची किल्ली फहदकडे आली. फहदने गायधनींना फिंतासजवळच्या एगैलातल्या आपल्या बंगल्यावर बागकामाला आणलं, आणि त्यानंतर चार वर्षं गायधनी घरी गेले नाहीत. रजा मागितली की "बाद रमजान" म्हणायचा. रमजान झाला की उन्हाळा, उन्हाळा झाला की आणखी काही.

गायधनी त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. पण एका शुक्रवारी जेवताना त्यांनी ताट सरकवलं.

"कमल म्हणली, आता या," ते म्हणाले. कमल म्हणजे त्यांची बायको. "अकरा वर्षांत कधी म्हणली नाय. पैसे पाठवा म्हणली नाय की या म्हणली नाय. काल म्हणली."

दोन दिवसांनी त्यांच्या भावाकडून खरं काय ते कळलं. कमलबाईंना काचबिंदू झाला होता. एक डोळा गेला होता, दुसऱ्याचं डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते. सहा महिने, कदाचित वर्ष. "तिला मी दिसलो पायजे ना, साहेब," गायधनी म्हणाले, आणि सुषमा उठून स्वयंपाकघरात गेली.

त्यानंतर महिनाभर ते आले नाहीत. मग फोन आला, टायमर बसवायचाय, दिवे ठरल्या वेळी चालू-बंद व्हायला हवेत, याल का. मी विचारलं कशासाठी, तर म्हणाले, "घरातल्या घरात स्ट्रॉबेरी लावतोय फहद." मी हत्यारांची पेटी घेऊन एगैलाला गेलो. गच्चीवर एक खोली होती. खिडक्यांना आतून चंदेरी कागद चिकटवलेला, छताला डोळे दिपवणारे दिवे, एसी भरधाव, आणि दारावर दोन कुलपं. स्ट्रॉबेरीला दोन कुलपं कशाला लागतात, असा प्रश्न इंजिनियरला पडायला हवा होता. मला नाही पडला. मी टायमर बसवला, तपासला, आणि मग काळ्या कुंड्यांमधली रोपं पाहिली. बोटांसारखी पसरलेली, कातर कडांची पानं.

"अरे वा, अंबाडी!" मी म्हणालो. "सुषमाला भाजीपुरती द्या की."

गायधनी हसले नाहीत. "आधी हात धुवून घ्या, साहेब. अंबाडी नाय ती. गांजा हाये."

त्या देशात या शब्दाचा अर्थ काय होता ते तिथे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: जन्मठेप, नाहीतर फाशी. मी हात धुतले. दोनदा धुतले. फहदने युरोपातून बिया आणल्या होत्या. नवीनच जात, दिवस लहान होण्याची वाट न पाहणारी. बी रुजल्यापासून ठरावीक दिवस भरले की ती आपली आपण फुलावर येते, वर ऊन असो की दिवा. बंद खोलीत, वर्षभर. "येक पीक काढून दे, पासपोर्ट घे आणि घरी जा," असं तो गायधनींना म्हणाला होता. नाही म्हटलं तर पळून गेल्याची तक्रार पोलिसांत करीन, असंही.

"दिस नाय, रात नाय, ऋतू नाय," गायधनी त्या रोपांकडे बघत म्हणाले. "आपल्यासारखंच हाये बघा. काँट्रॅक्टवर आलेलं." मग म्हणाले, "टायमर काढून न्यायचा आसंल तर न्या. मी काय म्हणणार नाय."

मी तो काढला नाही. काढला असता तर त्यांची सुटका लांबली असती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तिथे आणखी पाच मिनिटंही थांबायचं नव्हतं. मी पेटी उचलली आणि जिना उतरलो तो गाडीतच जाऊन बसलो.

पहिलं पीक फसलं. आणि कशामुळे फसलं, तर गायधनींच्या त्या नखामुळे. फहदने बजावलं होतं की या झाडाला कापायचं नाही, खुडायचं नाही. त्याचे दिवस मोजून दिलेले असतात. शेंडा मारला तर ते सावरण्यातच त्याचे दिवस संपतात. गायधनींनी मान डोलावली होती. पण सकाळी पाणी घालता घालता अंगठा आपोआप पुढे गेला. सगळ्या कुंड्यांमधली झाडं वीतभर राहिली आणि बटणाएवढी फुलं धरून बसली. फहदने कुंड्या लाथाडल्या. मुद्दाम केलंस, म्हणाला.

मलाही तसंच वाटलं होतं. मी फोनवर हळूच म्हणालो, "बरं केलंत."

"आईची आण, मुद्दाम नाय केलं हो!" गायधनी म्हणाले. "हाताची सवय. आजवर माझं पीक कधी गेलं नव्हतं, साहेब. आन् जायचं ते हे गेलं."

दुसऱ्या पिकाच्या वेळी फहदने त्यांनाही त्या खोलीशेजारच्या अडगळीत ठेवलं आणि गच्चीचं दार बाहेरून लावून घेऊ लागला. जेवण मोलकरीण वर आणून द्यायची. फक्त शुक्रवारी दुपारी त्यांना खाली सोडत, कारण त्या दिवशी बाबा वफ्राहून मुलाकडे जेवायला यायचा आणि माळी बागेत दिसायला हवा. त्या दोन तासांत त्यांना भेटायला जाण्याची माझी मुळीच तयारी नव्हती. सुषमाने डबा भरून माझ्या हातात ठेवला. "तुम्ही जात नसाल तर मी टॅक्सीने जाते," म्हणाली. मी गेलो.

गायधनी बोरीच्या झाडाखाली बसून वांग्याचं भरीत आणि भाकरी खात होते. खाताना माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. अंगठ्याचं नख मुळापर्यंत कापलं होतं, आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती.

"लागलं काय?"

"नाय. बांधून ठेवलाय त्याला." ते अंगठ्याकडे बघत राहिले. "औंदा चुकायचं नाय."

त्यांना असं पाहणं मला सहन झालं नाही. जे खुडू नये ते आयुष्यात कधी न सोडणारा हा माणूस स्वतःचा अंगठा आवळून बसला होता, एका नालायक पोरासाठी, आणि मी भाकरीचा रिकामा डबा घेऊन घरी आलो.

दुसरं पीक उत्तम आलं. गायधनींनी मन लावून वाढवलेलं झाड वाईट येईलच कसं? फहद खूश झाला. कपाटातून पासपोर्ट काढून त्यांच्यासमोर धरला, पानं फडफडवली, आणि परत खिशात घातला. इतका चांगला माळी कोण सोडतो? आणखी एक पीक, म्हणाला.

हा त्यांच्या गळ्यातला फास होता. वाईट पिकवलं तर सुटका नाही, आणि चांगलं पिकवलं तर मुळीच नाही. पळावं तर पासपोर्ट नाही. पोलिसांकडे जावं तर झाडांना हात यांचेच लागलेले. त्याच सुमारास सरकारने बेकायदा राहणाऱ्यांना माफी जाहीर केली होती. मालकाला सोडून पळालेले, कागद नसलेले हजारो लोक दंड न भरता आपापल्या देशी चालले होते. गायधनींचा इकामा मात्र चोख, तारखेत बसणारा. त्यामुळे त्यांना माफीही मिळेना. "पळालो आसतो तर आज घरी आसतो," म्हणाले. तिकडे कमलबाईंना आता माणसं सावलीसारखी दिसत होती.

तिसरं पीक भर फुलावर असतानाचा शुक्रवार. मी डबा घेऊन गेलो होतो. हिवाळ्याची छान दुपार होती. बाबा जेवून बोरीखाली खुर्ची टाकून बसला होता आणि फहद आत झोपला होता. गायधनींनी डबा उघडलाच नाही. तो बाजूला ठेवला, उठले, आणि बाबापुढे जाऊन उभे राहिले.

"बाबा, घर में डावणी आया है."

"क्या आया है?"

"डावणी. अंगूर का बीमारी. एक पत्ते पे दिखता है, फिर दो दिन में पूरा बाग जाता है."

"मेरे घर में अंगूर किधर है?"

"ऊपर के कमरे में," गायधनी म्हणाले. "आप चलके देखो."

मी डोळ्यांनी त्यांना नको नको म्हणत होतो. बाबाने काठी घेतली आणि त्या गेलेल्या गुडघ्यांनिशी तो दोन जिने चढला. एकेका पायरीवर थांबत. मागे गायधनी, त्यांच्या मागे मी. पळून जावंसं वाटत होतं, आणि पाय त्यांच्या मागे चालत होते.

गायधनींनी कमरेच्या किल्ल्यांनी दोन्ही कुलपं काढून दार उघडलं तसा तो उग्र वास अंगावर आला. झाडं कमरेएवढी झाली होती आणि फुलांनी वाकली होती. बाबा दिव्यांकडे, चंदेरी कागदाकडे, एसीकडे पाहत उभा राहिला. हे सामान माळ्याच्या पगारात येत नाही, हे कळायला त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"किसने लगाया?"

"मैंने," गायधनी म्हणाले.

"फहद को मालूम है?"

"नहीं, बाबा."

"और ये कौन?" त्याने काठी माझ्याकडे केली.

"ये साहब खाना लाता है मेरे लिए. नीचे बैठता है. पहली बार ऊपर आया."

माझ्या डोक्यावर माझाच टायमर चालू होता. मी तोंड उघडलं नाही. ती लाज अजून माझ्याजवळ आहे.

तेवढ्यात आवाजाने जागा झालेला फहद धावत वर आला आणि दारातच थिजला. बाबाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याने काठी उचलली आणि गायधनींच्या खांद्यावर हाणली, एकच. "चोर!" म्हणाला. "मेरे घर में ये काम!" मग मुलाकडे न वळताच अरबीत म्हणाला, की याचा पासपोर्ट आण. आत्ता. हा आज या देशातून गेला पाहिजे.

फहद पासपोर्ट घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बाबाने त्याला पिशव्या आणायला लावल्या आणि झाडं उपटायला लावली, स्वतःच्या हातांनी, एक एक करून. तो समोर उभा राहून बघत होता. गायधनी भिंतीकडे तोंड करून खांदा चोळत होते.

मला सगळं कळलं ते खाली उतरताना. गायधनींनी हिशेब मांडून ठेवला होता. फहदचं नाव घेतलं असतं तर बापाने मुलाला वाचवायला त्यांचा काटा काढला असता. स्वतःचं नाव घेतल्यावर बापाला एकच वाट उरत होती. पोलिस आले तर घरावर आले असते, आणि सामान कुणाचं ते शोधता शोधता मुलापर्यंत पोचले असते. म्हणून चोर माळ्याला गुपचूप हाकलून द्यायचं. पण म्हातारा खरंच भडकला असता तर? त्याने फोन उचलला असता तर? मी विचारलं. "तर आत गेलो आसतो," गायधनी म्हणाले. "आत तर होतोच की."

विमानतळावर बाबाने स्वतःच गाडी चालवत नेलं. पुढे मी, मागे गायधनी, मांडीवर एक रेक्झिनची बॅग आणि एक बोचकं. पासपोर्ट अजून बाबाच्या खिशात होता. वाटेत मध्येच मागून, "झाडं चांगली आलती हो या टायमाला," असं मराठीत ऐकू आलं. तिकीट बाबाने खिडकीवर काढलं, संध्याकाळच्या मुंबईच्या विमानाचं. तिकीट आणि पासपोर्ट त्याने गायधनींच्या हातात ठेवले. मग तो माझ्याकडे वळला.

"झूठ अच्छा बोलता है तुम्हारा आदमी," म्हणाला, आणि काठी टेकत बाहेर गाडीकडे निघून गेला. त्याचे डोळे भरले होते.

गायधनींनी मला नमस्कार केला. मी त्यांना मिठी मारायला गेलो, पण त्यांनी पासपोर्ट छातीशी दोन्ही हातांनी धरला होता, त्यामुळे ती नीट जमली नाही. "ताईला सांगा, येतो म्हणावं," म्हणाले आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

मी कठड्याशी थांबलो. त्यांचा नंबर आला. काचेमागच्या अधिकाऱ्याने हात पुढे केला, गायधनींनी पासपोर्ट पुढे केला, पण सोडला नाही. अधिकाऱ्याने ओढला, तरी यांनी धरून ठेवला. तो काहीतरी म्हणाला. रांगेतली माणसं हसली. मागच्या मल्याळी पोराने त्यांच्या पाठीवर हात ठेवून समजावलं, तेव्हा कुठे एकेक बोट सुटलं. शिक्का बसेपर्यंत ते काउंटरची कड धरून, टाचा उंचावून, त्या माणसाच्या हातांकडे बघत होते.

पासपोर्ट परत मिळाला. आता बॅग आणि बोचकं दोन्ही उचलायची होती आणि हात दोनच होते. खिशात ठेवता आला असता. त्यांनी तो दातांत धरला, घट्ट, मांजरी पिल्लू धरते तसा. दोन्ही हातांत सामान घेतलं आणि मागे वळून न पाहता, मान ताठ ठेवून, भराभर आत चालत गेले.